युद्धबंदी होऊन परतलेल्या वैमानिकाची मुलाखत कशी नोंदवावी

१९७१ च्या युद्धात पंचविशीत असलेला लढाऊ वैमानिक आज ऐंशीच्या उंबरठ्यावर आहे, आणि १९६५ च्या युद्धात उडालेला तर केव्हाच ऐंशी ओलांडून पुढे गेला आहे. मुंबईत आणि आसपास स्थायिक झालेल्या निवृत्त अधिकाऱ्यांपैकी ज्यांचे विमान शत्रूच्या हद्दीत पडले, जे पकडले गेले आणि जिवंत परतले, असे लोक मोजकेच असतात, आणि त्यांची हकिकत घरच्यांनीही बहुधा तुकड्यातुकड्यांनीच ऐकलेली असते. नात्यातल्या, सोसायटीतल्या किंवा ओळखीतल्या अशा एखाद्या व्यक्तीचे कथन नोंदवण्याची इच्छा असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आणि हौशी इतिहासप्रेमींसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. अशा प्रत्येक माणसाजवळ दहा मिनिटांची एक तयार हकिकत असते. लग्नकार्यात, शाळेच्या कार्यक्रमांत, २६ जानेवारीच्या झेंडावंदनानंतर ती वर्षानुवर्षे सांगितली गेलेली असते, आणि त्यामुळे तिचे सगळे कंगोरे झिजून गेलेले असतात. विमानाला गोळा लागला, उडी मारली, पकडले, सुटलो. आपल्याला ती हकिकत नको आहे. तिच्या खाली दबलेले तास आपल्याला हवे आहेत, आणि ते तास ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने विचारले, तरच बाहेर येतात.

जाण्यापूर्वीची तयारी

रिकाम्या हाताने मुलाखतीला जाणे म्हणजे सांगणाऱ्याचा वेळ वाया घालवणे होय. निदान युद्धाचा कालक्रम तरी पाठ असावा. १९६५ चे युद्ध २३ सप्टेंबरच्या पहाटे थांबले; त्याच्या आदल्या दिवशी, २२ सप्टेंबरला, तेव्हा फ्लाइट लेफ्टनंट असलेले के. सी. करिअप्पा यांचे हंटर विमान पाडले गेले आणि ते पकडले गेले. वडील माजी सेनाप्रमुख असल्यामुळे त्यांना वेगळी वागणूक देण्याची तयारी पाकिस्तानने दाखवली, पण वडिलांनी ती नाकारली, हा प्रसंग प्रसिद्धच आहे. १९७१ चे युद्ध ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पेटले आणि १७ डिसेंबरला थांबले, परंतु पश्चिम आघाडीवर पकडलेले आपले युद्धबंदी १ डिसेंबर १९७२ ला, म्हणजे जवळजवळ वर्षभराने, वाघामार्गे परतले. उलट, २७ मे १९९९ ला कारगिलच्या आघाडीवर पकडले गेलेले फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता ३ जून रोजी मुक्त झाले, आणि २७ फेब्रुवारी २०१९ ला पकडलेले विंग कमांडर अभिनंदन वर्धमान १ मार्चच्या रात्री भारतात आले. हा फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे, कारण तीन दिवसांच्या कैदेला लागू पडणारे प्रश्न एका वर्षाच्या कैदेला लागू पडत नाहीत. वर्षभराच्या कैदेत पकडले जाण्याचा दिवस हा फक्त पहिला दिवस असतो.

त्यानंतर १९४९ चा तिसरा जिनिव्हा करार वाचावा. तो इंटरनेटवर सहज मिळतो आणि वाटतो तितका अवघड नाही. निदान कलम १७ वाचलेच पाहिजे: पकडलेल्या सैनिकाने आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सेवा क्रमांक एवढेच सांगणे बंधनकारक आहे, आणि त्याहून अधिक माहितीसाठी त्याचा छळ करता येत नाही. कलम ७० प्रमाणे पकडल्यावर लगेच, किंवा छावणीत पोहोचल्यापासून फार तर एका आठवड्याच्या आत, त्याला आपल्या घरी कळवणारे कार्ड लिहू द्यावे लागते. कलम ७१ प्रमाणे पत्रांवर मर्यादा घातली, तरी महिन्याला किमान दोन पत्रे आणि चार कार्डे यांची मुभा असते. कलम ९२ प्रमाणे पळून जाण्याचा प्रयत्न फसला, तर केवळ शिस्तभंगाची शिक्षा होऊ शकते. कलम ११८ प्रमाणे लढाई थांबल्यावर विनाविलंब सुटका व्हायला हवी. कागदावरचे हे नियम ठाऊक असले, म्हणजे प्रत्यक्षात काय घडले हे नेमके विचारता येते. ‘त्यांनी तुम्हाला चांगले वागवले का?’ या प्रश्नाला ‘हो, ठीक होते’ एवढेच उत्तर मिळते. ‘घरी पहिले कार्ड लिहायला कधी दिले, आणि ते कोणी आणून दिले?’ या प्रश्नातून एक अख्खी दुपार उलगडते.

मुंबईकरांसाठी वृत्तपत्रांचा मार्गही मोकळा आहे. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि फोर्टातील एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय येथे जुन्या अंकांची चौकशी करावी, आणि त्या तारखेच्या पुढचे आठवडाभराचे अंक पाहावेत. युद्धकाळातील बातम्यांत ‘बेपत्ता’, ‘पकडला गेल्याचे समजते’ आणि ‘वीरगती’ यांची सरमिसळ झालेली आढळते, नावांचे उच्चारही बिघडलेले असतात, त्यामुळे वृत्तपत्र हे पुरावा म्हणून नव्हे तर त्या दिवशी घरच्यांना काय कळले होते याची खूण म्हणून वाचावे.

कोठे, केव्हा आणि कशावर

मुंबईतल्या सदनिकेत स्वच्छ ध्वनिमुद्रण करणे हे स्वतंत्र कौशल्यच आहे. कुकरच्या शिट्ट्या, लोकलचा भोंगा, शेजारच्या इमारतीचे पुनर्विकासाचे काम आणि गणपती-नवरात्रातले ध्वनिक्षेपक यांचा विचार करून दिवस आणि वेळ ठरवावी. दुपारी तीनच्या सुमाराची वेळ सहसा शांत असते. पंखा बंद ठेवून खिडक्या लावून घ्याव्यात, सांगणाऱ्याच्या कॉलरला छोटा माइक लावावा, आणि एकाच यंत्रावर विसंबून न राहता दुसऱ्या फोनवरही समांतर मुद्रण ठेवावे. फोन एअरप्लेन मोडवर टाकायला विसरू नये. पार्ले, कुर्ला, घाटकोपर या भागांत विमानतळावर उतरणाऱ्या विमानांचा आवाज टाळता येत नाही. तो आला की बोलणे थांबवावे आणि जाऊ द्यावा. सांगणारा त्या वेळी मान वर करून ऐकत राहतो आणि पुष्कळदा त्यानंतर जे बोलतो ते आधी बोललेल्यापेक्षा मोलाचे असते, म्हणून यंत्र बंद करू नये.

बसण्याच्या जागेकडे विशेष लक्ष द्यावे. इजेक्शन सीट माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या बारा-पंधरा पट आणि कधी त्याहूनही अधिक जोराने विमानाबाहेर फेकते, आणि त्या दणक्याने पाठीचे मणके दबून मोडणे ही नेहमी आढळणारी इजा आहे. अशा माणसाला खोल सोफ्यात दोन तास बसवणे हा अविचार आहे. सरळ पाठीची खुर्ची द्यावी, पाऊण तासाने उठून फिरू द्यावे, आणि एका दिवशी एकच बैठक घ्यावी.

संबोधनाचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण त्यावर बरेच अवलंबून असते. ‘सर’ म्हटले की निवृत्त अधिकारी अहवाल दिल्यासारखे बोलू लागतात, वाक्ये आखीव होतात आणि ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ येतो. ‘काका’ म्हटले की तेच गृहस्थ घरातल्या आवाजात बोलतात. त्यांनाच विचारावे, आणि ते जे सांगतील ते शेवटपर्यंत पाळावे. भाषेच्या बाबतीतही आग्रह धरू नये: कॉकपिटमधली वाक्ये इंग्रजीत येतील, चौकशीची हिंदी-उर्दूत येतील, आणि दुखण्याखुपण्याचे बोलणे मराठीत येईल. जे ज्या भाषेत घडले ते त्याच भाषेत राहू द्यावे आणि लिप्यंतर करतानाही त्याचे मराठीकरण करू नये.

विचारण्याचा क्रम

सुरुवात विमान पडण्यापासून करू नये. त्या दिवशीच्या पहाटेपासून करावी. किती वाजता उठलात, काय खाल्लेत, ब्रीफिंग कोणी दिले, कोणाच्या जोडीने उडणार होता, खिशात काय काय होते? खिशातल्या वस्तूंचा प्रश्न कधीही सोडू नये. नकाशा, रुमाल, पाकीट, पत्र, देवाचा फोटो यांपैकी पुढे काय उपयोगी पडले आणि काय अडचणीचे ठरले, हे त्या उत्तरातून आपोआप पुढे येते.

मग मारा कसा लागला. इथे सांगणारा घाईने पुढे जातो, कारण प्रत्यक्षातही ते काही सेकंदांतच घडलेले असते. आपण त्याला क्षणाक्षणाला थांबवावे: पहिल्यांदा काय जाणवले, धक्का, आवाज, वास की एखादा दिवा? कंट्रोल हातात होते का? रेडिओवर काय बोललात आणि उत्तर आले का? वळून आपल्या हद्दीकडे येता येईल असे वाटले होते का, आणि ती आशा कोणत्या क्षणी सोडलीत? बाहेर पडण्याचा निर्णय ही संपूर्ण मुलाखतीतली सर्वांत दाट जागा असते. तिथे पुष्कळ वेळ द्यावा.

एका तांत्रिक बाबीची इथे नोंद करतो. हंटरसारख्या विमानात डोक्यावरचे हँडल दोन्ही हातांनी खाली ओढले की चेहऱ्यावर संरक्षक पडदा येई आणि सीट उडे. पुढे अनेक विमानांत हे हँडल दोन मांड्यांच्या मध्ये आले. हे सांगताना वृद्ध वैमानिकाचे हात आपोआप त्या जागी जातात. डोक्यावर जाऊन कानांपर्यंत खाली येतात, किंवा पोटाशी जाऊन वर खेचले जातात, कोपरे अंगाशी घट्ट धरली जातात. तोंडाने तो फक्त ‘आणि मग मी खेचले’ एवढेच म्हणतो. ध्वनिमुद्रणात हात दिसत नाहीत. म्हणून आपण शांतपणे मोठ्याने म्हणावे, ‘तुम्ही आता दोन्ही हात डोक्यावर नेलेत, तिथे हँडल होते का?’ तो ‘हो’ म्हणतो आणि आणखी चार वाक्ये बोलतो, आणि ती चार वाक्ये दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळाली नसती. शक्य असेल तर परवानगी घेऊन या भागाचे चित्रीकरणच करावे.

हवाई छत्रीखालचा काळ बहुतेक मुलाखतींतून निसटतो. तो मिनिटभराचा असला तरी त्या वेळी माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, खाली शेत आहे की वाळू, माणसे धावत येत आहेत की नाही, वारा कोणत्या दिशेने नेत आहे, हे सगळे पाहत असतो. नंतरच्या सगळ्या घटना त्या मिनिटात पाहिलेल्या जागेवरच घडतात, म्हणून एक कोरा कागद पुढे ठेवून त्याला ती जागा काढून दाखवायला सांगावे. चित्र वेडेवाकडे असले तरी चालते. त्यावर तारीख आणि सही घ्यावी.

जमिनीवर उतरल्यानंतरचा पहिला तास हा कमालीचा धोक्याचा असतो, कारण गणवेशातले सैनिक येण्याआधी बहुधा गावकरी येतात. १९७१ मध्ये सिंधच्या वाळवंटात उतरलेले फ्लाइट लेफ्टनंट जवाहरलाल भार्गव यांनी आपण ‘मन्सूर अली’ नावाचे पाकिस्तानी वैमानिक असल्याचे सांगून बराच वेळ निभावून नेले, आणि कलमा म्हणायला सांगितल्यावर ते उघडे पडले. अशा प्रसंगांत ‘तुम्ही घाबरलात का?’ असे विचारू नये. ‘पहिला माणूस दिसला तेव्हा तो किती अंतरावर होता? त्याच्या हातात काय होते? पहिले वाक्य कोण बोलले?’ असे विचारावे. भीती उत्तरात येतेच.

कैदेच्या भागात मुलाखतकाराची खरी परीक्षा असते. सुरुवातीचे दिवस बहुधा एकांत कोठडीतले असतात, डोळ्यांवर पट्टी असते, दिवस-रात्रीचा हिशोब राहत नाही. त्या काळातल्या घटनांचा क्रम सांगणाऱ्यालाच ठाऊक नसतो, तेव्हा तारखांसाठी त्याला भंडावून सोडू नये. त्याऐवजी इंद्रियांना धरून विचारावे: अजान ऐकू येत असे का, जेवण किती वेळा येई, थंडी कशी होती, पांघरूण काय होते? डिसेंबरातली रावळपिंडी मुंबईकराला कल्पनाही करता येणार नाही इतकी थंड असते.

चौकशीविषयी एक नियम मी कसोशीने पाळतो आणि आपणही पाळावा: ‘तुम्ही काही सांगितलेत का?’ हा प्रश्न विचारायचा नाही. नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि क्रमांक यांच्या पलीकडे काय गेले आणि काय गेले नाही याचा हिशोब त्याने परतल्यावर आपल्या दलाला दिलेला आहे. पाच दशकांनंतर दिवाणखान्यात बसून आपण न्यायाधीश होण्याचे कारण नाही. त्याने स्वतःहून सांगितले तर चेहऱ्यावरची रेष न हलवता ऐकावे. तसेच आजही वापरात असू शकतील अशा पद्धती, संकेत आणि ठिकाणे यांविषयी खोदून विचारू नये. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा आजही अस्तित्वात आहे, आणि सांगणाऱ्याला अडचणीत आणणारी मुलाखत ही चांगली मुलाखत नव्हे. अजून सेवेत असलेल्या अधिकाऱ्याची मुलाखत रीतसर परवानगीशिवाय घेऊच नये.

समोरच्या बाजूच्या माणसांचा चांगुलपणाही तितक्याच आस्थेने विचारावा. जमावाच्या हातून सोडवणारा सुभेदार, जखम बांधणारा डॉक्टर, गुपचूप सिगारेट देणारा पहारेकरी, हे जवळजवळ प्रत्येक कथनात असतात, पण देशप्रेमाला बाध येईल या भयाने सांगणारा ते गाळतो. इथे फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. १० डिसेंबर १९७१ ला पकडले गेलेले परुळकर आणि त्यांचे सहकारी ग्रेवाल व हरीश सिंहजी यांनी रावळपिंडीच्या छावणीतील कोठडीच्या भिंतीच्या विटा सोडवल्या आणि १९७२ च्या ऑगस्टमधील एका वादळी रात्री ते बाहेर पडले. पेशावरमार्गे ते थेट लंडीकोटलपर्यंत, म्हणजे अफगाण सीमेपासून काही मैलांवर, पोहोचले. तिथे त्यांनी लंडीखाना स्थानकाची चौकशी केली आणि ते संशयात सापडले, कारण त्या स्थानकापर्यंतची रेल्वे १९३२ मध्येच बंद झालेली होती. त्यांच्या हाती असलेल्या नकाशात मात्र ते होते. पकडल्यावर जीव धोक्यात असताना त्यांनी छावणीचे पूर्वीचे प्रमुख उस्मान हमीद यांच्याशी संपर्क साधून घेतला आणि त्यांच्या शब्दामुळे ते वाचले. या हकिकतीतला उस्मान हमीद यांचा भाग गाळला तर ती अर्धीच राहते, आणि नकाशाचा तपशील गाळला तर पळून जाण्याचा प्रयत्न का फसला हे कळतच नाही. म्हणूनच ‘हातात कोणता नकाशा होता?’ असे साधे, वस्तूला धरून असलेले प्रश्न शौर्याविषयीच्या प्रश्नांपेक्षा अधिक उपयोगाचे असतात.

घरच्यांची बाजू

पत्नी हयात असेल, बहीण-भाऊ असतील, तर त्यांची मुलाखत वेगळी आणि स्वतंत्र खोलीत घ्यावी. एकत्र बसवले की घरचे गप्प होतात. डिसेंबर १९७१ मध्ये मुंबईत रोज संध्याकाळी ब्लॅकआउट होता, खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले होते, मोटारींचे दिवे अर्धे रंगवलेले होते. अशा अंधारात तार आली तेव्हा ती कोणी वाचली, शेजाऱ्यांना केव्हा सांगितले, रेडिओ पाकिस्तानवरची युद्धबंद्यांची नावे कोणी ऐकत होते का, हे विचारावे. ‘बेपत्ता’ आणि ‘पकडला गेला’ या दोन बातम्यांच्या मधला काळ हा त्या घराचा स्वतःचा इतिहास आहे.

आणि काही घरांत तो काळ संपलेलाच नाही. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे ५ डिसेंबर १९७१ पासून बेपत्ता आहेत; त्यांच्या पत्नी, नामवंत बॅडमिंटनपटू दमयंती तांबे, यांनी आयुष्यभर त्यांचा शोध घेतला. बेपत्ता सैनिकांचे नातेवाईक १९८३ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये पाकिस्तानातील तुरुंगांना भेट देऊन आले. परतलेल्या वैमानिकाला त्याच्या न परतलेल्या सहकाऱ्यांविषयी विचारताना त्याने प्रत्यक्ष काय पाहिले आणि नंतर काय ऐकले, हे काटेकोरपणे वेगळे नोंदवावे. ऐकीव गोष्ट पाहिलेली म्हणून छापली गेली, तर कुठल्यातरी घरात नवी खोटी आशा निर्माण होते.

सांगणारा थांबला तर

तो थांबला तर आपणही थांबावे. पाणी द्यावे, यंत्र बंद करू का असे विचारावे, आणि त्या प्रसंगाकडे त्याच दिवशी पुन्हा वळू नये. बैठकीनंतर रात्री झोप न लागणे, जुनी स्वप्ने परत येणे असे घडू शकते, याची कल्पना घरच्या एका जबाबदार माणसाला आधीच द्यावी. दुसऱ्या दिवशी फोन करून चौकशी करावी, मुलाखतीविषयी नव्हे, प्रकृतीविषयी. गरज वाटली तर डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सुचवावे. सरकारची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची मानसिक आरोग्य सेवाही उपलब्ध आहे.

कागद, पत्रे आणि जपणूक

कैदेतून आलेली पत्रे घरात असतील तर ती मुंबईच्या दमट हवेत आणि कसरीच्या तोंडी किती काळ टिकतील याचा भरवसा नाही. त्यांना लॅमिनेशन करू नये. तो उपाय स्टुडिओवाला हमखास सुचवतो, पण त्या उष्णतेने आणि चिकट थराने कागद कायमचा खराब होतो. सेलोटेपही लावू नये. पत्राच्या दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात, कारण मागच्या बाजूचे शिक्के आणि सेन्सॉरची खूण यांवरूनच ते कधी आणि कुठून निघाले हे ठरते. लिफाफा वेगळा फेकू नये. स्कॅन झाल्यावर मूळ पत्रे घड्या उलगडून, आम्लरहित कागदाच्या घडीत, कोरड्या कपाटात ठेवावीत, आणि पावसाळ्यात मुळीच हाताळू नयेत.

लिप्यंतर तयार झाल्यावर ते आधी सांगणाऱ्याला मोठ्या अक्षरांत छापून द्यावे. तो काही ओळी गाळायला सांगेल. त्या विनातक्रार गाळाव्यात. नोंदी आणि त्याचे कथन यांत तफावत आढळली, उदाहरणार्थ त्याने सांगितलेली तारीख सरकारी इतिहासाशी जुळली नाही, तर त्याचे वाक्य दुरुस्त करू नये. तळटीप द्यावी आणि दोन्ही राहू द्यावीत. कोणता भाग आता खुला, कोणता त्याच्या पश्चात खुला आणि कोणता कधीच नाही, हे लेखी संमतिपत्रात त्याच्या सहीने नमूद करावे. एक प्रत कुटुंबाकडे, एक आपल्याकडे वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि संमती असल्यास एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे किंवा लष्करी इतिहासाचे काम करणाऱ्या दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनसारख्या संस्थेकडे सोपवावी. देण्यापूर्वी त्या संस्थेला फाइलींचे स्वरूप आणि वर्णनपत्र कसे हवे आहे हे विचारून घ्यावे, म्हणजे पुन्हा सगळे नव्याने जुळवावे लागत नाही.